मोजणीबाई आणि गळलेली एकोणीस माणसं

तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये बसणाऱ्या बाईंना सगळं हॉस्पिटल मोजणीबाई म्हणायचं, आणि बाईंना त्याचा राग नव्हता. उलट कौतुकच होतं. एखादी नवी नर्स चुकून त्यांना खऱ्या नावानं हाक मारायची, तेव्हा बाई मान वळवून बघायच्यासुद्धा नाहीत.

आणि मोजायचं म्हणजे तरी किती मोजायचं माणसानं! जिना चढताना पायऱ्या मोजायच्या. दुकानात मोजून घेतलेली लिंबं घरी आल्यावर परत मोजायच्या. पाहुणे आले की आधी दारातल्या चपला मोजायच्या, मग माणसं, आणि मेळ बसला नाही तर चहा बाजूला ठेवून पाहुण्यांच्या पायांकडे बघत बसायच्या. नवरा मालगाडीवर गार्ड, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे घरात राज्य बाईंचं आणि त्यांच्याकडेच राहणाऱ्या नणंदेचं. ही नणंद टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेली, म्हणजे बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. ती म्हणायची, "वहिनी, अगं निदान झोपेत तरी श्वास न मोजता घेत जा." बाई म्हणायच्या, "वन्सं, मी तुमचे मोजते. घोरता तेव्हा मिनिटाला अकरा."

हॉस्पिटल सात मजल्यांचं, त्याखाली तळघर, आणि तळघरापासून सातव्या मजल्यापर्यंत जाणारी एकच लिफ्ट. सत्तावीस वर्षं बाई तळघरात फायली सांभाळत होत्या. चार वर्षांपूर्वी फायलींच्या जागी कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई घरी बसणार. बसतायत कसल्या! शिकवायला आलेल्या इंजिनियरला त्यांनी तीन दिवस असं काही पिळून काढलं की चौथ्या दिवशी तो स्टेशनवरून फोन करून म्हणाला, "बाई, उरलेलं पुस्तकात बघा." त्याचा शब्दन् शब्द बाईंनी एका लांब वहीत उतरवून घेतला होता. कॉम्प्युटरला विचारायच्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. दोन तक्ते एकमेकांना जोडायचे, त्याला जॉइन म्हणतात. आणि जोडणी चुकली तर कॉम्प्युटर आरडाओरडा करत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देतो. या शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघसुद्धा मारली होती. मारली आणि विसरल्या, ते सोडा.

आता यादीचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. तीन वर्षांपासून डोळ्यांचे एक मोठे डॉक्टर वर्षातून एकदा आठवडाभर हॉस्पिटलात यायचे. नोकरीतल्या प्रत्येकाचे आणि त्याच्या घरच्यांचे डोळे तपासायचे आणि कुणाला मोतीबिंदू निघाला तर तिथल्या तिथे ऑपरेशन करून टाकायचे. यादीत ज्याचं नाव, त्याला कार्ड. कार्ड नाही, त्याला तपासणी नाही. बोलावणं फोनवरून जायचं, म्हणून यादीत प्रत्येक नावापुढे त्या माणसाचा मजला आणि मजल्याचा फोन लागायचा. त्यासाठी कॉम्प्युटररूमच्या साहेबांनी माणसांचा तक्ता मजल्यांच्या तक्त्याला जोडून एक क्वेरी लिहून ठेवली होती. यादी छापून तळघरात यायची, बाई ती मोजायच्या आणि खाली लिहायच्या, "मोजले. बरोबर." मग सही. त्या सहीनंतर कुणी हूं की चूं करायचं नाही, असा तिचा दबदबा.

त्या वर्षीची यादी सोमवारी सकाळी भिंतीवर लागली. गुरुवारी दुपारी बारा वाजता ती पक्की होऊन डॉक्टरांकडे जाणार होती. बाई नेहमीप्रमाणे लिफ्टमध्ये शिरल्या. लिफ्टमनला सगळे लिफ्टमामा म्हणत. बावीस वर्षं त्याच स्टुलावर बसून त्यांना अख्ख्या हॉस्पिटलचे मजले पाठ झाले होते. माणूस आत आला की त्याला विचारायचं नाही, थेट बटण दाबायचं. आणि त्या दिवशी लिफ्ट तळघराऐवजी निघाली वर. चौथ्या मजल्यावर जाऊन थांबली.

"मामा, अहो, मी काय आज बाळंत होणार आहे का?" बाई म्हणाल्या. चौथ्यावर बाळंतिणींचा वॉर्ड होता.

मामा हसले, पण हसणं ओठावरच राहिलं. बाईंनी दार उघडू दिलं नाही. "काय झालंय ते सांगा आधी."

"काही नाही हो. यादी बघून आलो."

"मग?"

"मग काय. यंदाही नाव नाही."

बाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. पण मामा सांगू लागले तसतसे त्यांचे कान तापत गेले. मामांची बायको घरी शिवणकाम करायची, म्हणून तिला सगळे शिवणकाकू म्हणत. हॉस्पिटलातले निम्मे कोट तिनंच शिवलेले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मशीन अजून सवयीनं चालायचं, पण सुईत दोरा जाईना. म्हणून मामा रोज सकाळी कामावर निघण्याआधी बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवायचे. बारा संपल्या की शिवणकाकूंचं हाताचं काम त्या दिवसापुरतं बंद. काजं, बटणं, हातशिलाई, सगळं. बाहेर ऑपरेशन करायचं तर ते लिफ्टमनच्या पगारात बसण्यासारखं नव्हतं. "आज चौदा ओवल्या," मामा म्हणाले. "म्हटलं, आता एवढ्यात होऊनच जाईल ऑपरेशन, मग कशाला हात आखडायचा."

"आणि तीन वर्षं तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत? रोज दोनदा ने-आण करता माझी!"

"बाई, खाली तुमची सही असते," मामा अगदी सरळपणे म्हणाले. "सगळे म्हणतात, मोजणीबाईंची मोजणी चुकत नाही. म्हटलं, नाव नाही म्हणजे काहीतरी नियम असणार."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. एरवी कुणालाही पुरून उरणाऱ्या त्या बाई खाली उतरल्या, खुर्चीत बसल्या, आणि तीन वर्षांपूर्वी करायला हवी होती ती गोष्ट केली. माणसांच्या तक्त्यात एकूण किती माणसं, ते कॉम्प्युटरला विचारलं. चारशे बारा. यादीत किती? तीनशे त्र्याण्णव.

मग तीन वर्षं बाई मोजत काय होत्या? सांगतो. छापील यादीतली नावं मोजायच्या आणि त्याच यादीच्या तळाशी कॉम्प्युटरनं छापलेल्या आकड्याशी ताडून बघायच्या. म्हणजे यादी यादीशीच जुळवत होत्या! जुळणार नाही तर काय होईल? बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, एकदा नव्हे, तीन वर्षांचा तीनदा.

गळलेली एकोणीस माणसं कोण, ते शोधायला पाच मिनिटं लागली. साहेबांच्या क्वेरीचं म्हणणं असं होतं की माणसाचा मजला मजल्यांच्या तक्त्यात सापडला तरच माणूस घ्यायचा. लिफ्टमामांचा मजला कोणता? ते तर दिवसभर सातही मजल्यांवर. माहिती भरणाऱ्याला पेच पडला आणि त्यानं रकाना कोरा सोडला. ॲम्ब्युलन्सचे सहा ड्रायव्हर, फाटकावरचे पाच वॉचमन, दोन माळी, मागच्या आवारात कपडे धुणारे चौघं, यांनाही मजला नाही. त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं, कार्डं आतल्या लोकांसाठी असतात. झाले अठरा. आणि एकोणिसावं नाव बघून बाई खुर्चीतच उडाल्या. ते त्यांचं स्वतःचं होतं! मजल्यांच्या तक्त्यात एक ते सात आकडे होते. तळघर कुणी भरलंच नव्हतं. आपल्याला कार्ड का येत नाही, हा प्रश्न बाईंना तीन वर्षांत पडला नव्हता. आपली नजर तीक्ष्ण आहे म्हणून कुणी बोलवत नसेल, असं त्या धरून चालल्या होत्या. यादीत नाव बघावं, हे सुचलं नाही, कारण यादी त्या मोजायच्या. वाचायच्या कधीच नाहीत.

बाई तडक सहाव्या मजल्यावर गेल्या. कॉम्प्युटररूमच्या साहेबांना मागे सगळे झटपट साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, उलट मदतीला नेहमी पुढे. फक्त समोरच्याचं बोलणं पूर्ण होण्याच्या आत त्यांचं काम झालेलं असायचं.

"मजला नाही ना? देऊन टाकू," साहेब म्हणाले. "लिफ्टमन कुठे काम करतो? सातही मजल्यांवर. एक नवा तक्ता करतो, त्यात त्याच्या नावावर सातही मजले टाकतो आणि तो जोडतो. हे घ्या, झटपट!"

"अहो, पण बाकीचे अठरा..."

"ते नंतर बघू. आधी तुमचा मामा आला की नाही सांगा."

मामा आले. आले म्हणजे सात वेळा आले! सात मजल्यांशी सात जोड्या लागल्या आणि यादी तीनशे त्र्याण्णवची चारशे झाली. मंगळवारी दुपारी कार्डाच्या खिडकीवर मामांच्या हातात सात कार्डं पडली, प्रत्येकावर "पत्नी: एक" असं छापलेलं. मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत प्रत्येक मजल्यावरून चौकशा सुरू. "मामा, सातजणी? आणि आम्हाला एकीचासुद्धा पत्ता नाही?" "तिसऱ्या मजल्यावरची कोणती हो?" मामा लाजून लालबुंद. पण खूश होते. सातातलं एक कार्ड त्यांनी खिशात अगदी जपून ठेवलं.

बुधवारी सकाळी डॉक्टरांच्या ऑफिसातून निरोप आला: एकाच नोकरी क्रमांकाची सात कार्डं निघाली आहेत, सबब सातही रद्द. मामांनी खिशातलं कार्ड काढून मुकाट्यानं परत दिलं. बाईंना ते पाहवेना.

साहेबांना मात्र घाम फुटला नव्हता. "सातचा एक करायचा ना? सोपं आहे. सारखी नावं एकदाच दाखव, असं सांगतो. झटपट." यादी परत निघाली. मामा एकदाच होते. साहेबांनी पेन पुढे केलं. "करा सही."

बाईंनी तळाचा आकडा बघितला. तीनशे त्र्याण्णव.

एरवी त्यांनी सही ठोकली असती. आकडा ओळखीचा, तीन वर्षांचा. पण मामा आले आणि आकडा तोच? म्हणजे दुसरं कुणीतरी गेलं. बाई तिथेच साहेबांच्या खुर्चीत बसून आयुष्यात पहिल्यांदा यादी वाचायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन नर्सेस होत्या, नाव एक, आडनाव एक, नात्याचा संबंध नाही. ओळखायला सोपं जावं म्हणून सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. सारखी नावं एकदाच दाखव म्हटल्यावर कॉम्प्युटरनं दोघींची एक करून टाकली होती. धाकटी गायब. आणि धाकटीच्या वडिलांना मोतीबिंदू आहे, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं.

"ती हॉस्पिटलच्या मोठ्या बाईंना सांगून घेईल काहीतरी करून," साहेब म्हणाले. "तुमचं काम झालं ना? उद्या बारानंतर काही होणार नाही, बाई. ही नको असेल तर भिंतीवरची जुनी यादीच जाईल. बघा बुवा."

बाई यादी घेऊन लिफ्टमध्ये आल्या आणि मामांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. सही केली तर काकूंचं ऑपरेशन नक्की, पण धाकटी आणि बाकीचे अठराजण बाहेर. सही केली नाही आणि उद्या बारापर्यंत बाईंना बरोबर यादी काढता आली नाही, तर मामाही बाहेर, आणि काकू अजून एक वर्ष सुयांवर. मामांना ते कार्ड हवं होतं, मनापासून हवं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"तुम्हाला जमेल?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. एवढं खरं त्या बऱ्याच वर्षांत बोलल्या नव्हत्या.

"मग घ्या बरोबर यादी करून," मामा म्हणाले आणि तळघराचं दार उघडून दिलं.

संध्याकाळी बाई घरी आल्या तर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. नणंदेनं कपाट उपसलं होतं. जमिनीवर एका बाजूला डबे, एका बाजूला झाकणं, आणि मधे ती पदर खोचून बसलेली. बाईंनी लगेच मोजले. डबे एकवीस, झाकणं सतरा.

"हे चार कुठे चाललेत?" दाराशी काढून ठेवलेले डबे बघून बाईंनी विचारलं.

"झाकण नाही त्यांना. टाकून देते."

आणि बाईंचा दिवसभराचा संताप त्या चार डब्यांवर निघाला. "टाकून देता? झाकण नाही म्हणून डबा टाकायचा? डबा चांगला आहे ना? त्यात बटाटे राहतात ना? झाकण नसेल तर नसू दे, झाकणाची जागा रिकामी ठेवा, पण डबा..." आणि त्या मधेच थांबल्या. तोंड तसंच उघडं.

"काय झालं गं?" नणंद घाबरली.

"काही नाही. वही कुठाय माझी?"

वहीत होतं. इंजिनियर बिचारा सांगून गेला होता: दोन तक्ते जोडताना दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी ठेवायच्या, ती एक तऱ्हा, आणि डावीकडच्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी ठेवायच्या, उजवीकडे जोडी मिळो ना मिळो, ती दुसरी. हिला लेफ्ट जॉइन म्हणतात. जोडी नसेल तिथे रकाना रिकामा राहतो, पण ओळ जात नाही. बाईंनी ते पान नणंदेला वाचून दाखवलं आणि त्या ओघात एकोणीस माणसांचंही सांगून बसल्या. स्वतःचं एकोणिसावं नावसुद्धा.

नणंद कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे तीन वर्षं मी विचारतेय, वहिनी, तुमच्याकडे डोळ्यांची कार्डं देतात म्हणे, आणि तू सांगतेस यंदा नाही आलं... तू स्वतःच स्वतःला गाळलंस?"

"हो, वन्सं."

"धन्य आहेस बाई! ठेव ते डबे कपाटात."

गुरुवारी आठलाच बाई तळघरात हजर. साहेबांचा नवा तक्ता त्यांनी बाजूला काढला, सारख्या नावांची भानगड खोडली. मग माणसांचा तक्ता डावीकडे घेऊन त्याला मजल्यांचा तक्ता लेफ्ट जॉइननं जोडला आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

तीनशे त्र्याण्णव.

बाईंनी परत दाबलं. तीनशे त्र्याण्णव! असल्या आकड्याचं करायचं काय, सांगा. नऊ वाजले, दहा वाजले. बाई एकेक ओळ बोट ठेवून वाचत होत्या, आणि सव्वादहाला बोट शेवटच्या ओळीवर आलं. तिथे साहेबांनी कधीकाळी एक अट घालून ठेवली होती. दुसरा मजला दुरुस्तीला बंद होता तेव्हाची: "ज्यांचा मजला चालू आहे, तेवढेच दाखव." आता ज्याला मजलाच नाही, त्याचा मजला चालू कसा असेल? म्हणजे वरच्या ओळीत म्हणायचं, बिनझाकणाचे डबेही ठेवा, आणि खालच्या ओळीत म्हणायचं, ज्यांचं झाकण निळं आहे तेवढेच द्या. मग बिनझाकणाचे गेलेच की! बाई मोठ्यानं हसल्या. रिकाम्या तळघरात, एकट्याच.

ती अट त्यांनी शेवटून उचलली आणि जोडणीच्या ओळीत नेऊन ठेवली: जोडताना मजला चालू असेल तरच त्याचा फोन घे, नसेल तर रकाना रिकामा सोड, पण माणसाला हात लावू नकोस. बटण दाबलं.

चारशे बारा.

जिवात जीव आला. पण या खेपेला आकड्यावर विश्वास ठेवायची बाईंची टाप नव्हती. त्यांनी हजेरीचं जुनं रजिस्टर काढलं आणि चारशे बारा नावं एकेक करून मोठ्यानं वाचली, प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली. थोरली आहे. धाकटी आहे. ड्रायव्हर सहा, वॉचमन पाच. लिफ्टमामा, एकदाच. वाचून संपलं तेव्हा घड्याळात अकरा चाळीस झाले होते आणि घशाला कोरड पडली होती.

छापलेली यादी छातीशी धरून बाई लिफ्टकडे पळाल्या. "मामा, सातवा! कुठे थांबू नका." मामांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाचंच ऐकलं नाही. दुसऱ्यावरून घंटा, चौथ्यावरून घंटा, पाचव्यावर तर कुणीतरी दारावर थापा मारल्या. मामा समोर बघत ताठ उभे, बाई मागे पुटपुटत उभ्या.

सातव्या मजल्यावर हॉस्पिटलच्या मोठ्या बाई बसायच्या. स्वतः सर्जन, बोलणं तोलूनमापून, चष्म्यावरून बघितलं की समोरचा आपोआप सरळ उभा राहायचा. मोजणीबाईंनी यादी टेबलावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. तीन वर्षं यादी चुकीची गेली. एकोणीस माणसं गळली. क्वेरी साहेबांची होती, पण "मोजले, बरोबर" असं लिहून सही मी केली. मोजलं होतं, बरोबर नव्हतं.

"तीन वर्षं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तीन वर्षं."

"कोण कोण?"

बाईंनी एकोणीस नावं पाठ म्हणून दाखवली. शेवटचं नाव घेताना आवाज जरा खाली गेला.

मोठ्या बाईंनी कपाटातून तीन जुन्या याद्या काढल्या आणि पेन पुढे केलं. "प्रत्येकीखाली लिहा. एकोणीस गळले. आणि सही करा." बाईंनी लिहिलं. अक्षर वळणदार आलं. मग मोठ्या बाईंनी नव्या यादीवर स्वतःची सही केली, घड्याळ बघितलं आणि शिपायाला धाडलं. "तुमचं कार्डही घेऊन जा," त्या म्हणाल्या. "डोळे तपासून घ्या. मला वाटतं, गरज आहे." बोलून त्या हसल्या का, ते बाईंना कळलं नाही, त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

ऑपरेशनं झाली. धाकटीच्या वडिलांचं झालं, एका माळ्याच्या आईचं झालं. नणंदेचे डोळे ठणठणीत निघाले, त्याचा तिला रागच आला. आणि शिवणकाकूंचा उजवा डोळा झाला. डावा दोन महिन्यांनी करायचा ठरलं.

तीन आठवड्यांनी काकू तळघरात आल्या. मामा त्यांना लिफ्टनं घेऊन आले आणि दारातच उभे राहिले, वर घंटा वाजत होत्या तरी. बाईंनी काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आठवडाभर घोकून ठेवलेलं सांगायला सुरुवात केली. "काकू, हे तीन वर्षांपूर्वीच व्हायचं होतं. तुमचं नाव यादीत नव्हतं ते माझ्यामुळे. यांनी सांगितलं नसेल तुम्हाला, पण..."

"सांगितलंय," काकू म्हणाल्या. "राग आला मला. खोटं कशाला बोलू? तीन वर्षं काही थोडी नसतात."

"नसतात," बाई म्हणाल्या.

काकू पुढे काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर बाईंच्या कोटावर गेली. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, बाईंचा डावा हात धरून ओढला, मग उजवा, आणि दोन्ही बाह्या शेजारी शेजारी धरल्या.

"ही बाही कुणी लावली?"

बाई हात मागे ओढायला लागल्या.

"कुणी लावली म्हणते मी? ही दोन बोटं लांब आहे!"

"अडीच," बाईंच्या तोंडून निसटलं. "मोजलीय मी."

"कुणाकडे शिवलात?"

बाईंनी मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे. "तुमच्याकडेच, काकू," बाई शेवटी म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

काकूंनी बाही सोडली नाही. खांद्याची शिवण बघितली, खिसा बघितला, खिसा जरा तिरकाच होता. "दोन वर्षं हे घालून फिरताय? आणि माझ्याकडून शिवलेले बाकीचे? तेही असेच?"

"थोडेफार."

"आणि सगळ्या हॉस्पिटलात एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुम्ही विचारायचात, कसा झालाय, आणि कान देऊन ऐकत राहायचात," बाई म्हणाल्या. "कसं सांगणार हो? झकास झालाय, असंच म्हणायचे सगळे."

काकूंचे डोळे भरून आले. "अहो, रडायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय," म्हणत बाई रुमाल शोधायला लागल्या, आणि बघतात तर काकू हसत होत्या. खांदे गदगदा हलवून, डोळ्यावर हात धरून हसत होत्या. त्यांच्याबरोबर बाई हसल्या, मामा हसले. वर लिफ्टसाठी कोण बोंबलत होतं, त्याला बोंबलू दिलं.

हसू ओसरल्यावर काकूंनी पिशवीतून कात्री काढली. "काढा तो कोट," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या हातचे इथे आणखी किती आहेत?"

"रेकॉर्डरूममध्ये आठ."

"नीट बघून सांगा."

बाईंनी कपाट उघडलं आणि एकेक कोट बाहेर काढून बाह्या जुळवून बघायला लागल्या. काकूंनी पहिल्या बाहीची शिवण उसवायला घेतली होती.